सात नंबरचा लोहचुंबक

दिवाळी उलटून पंधरवडा झाला की यवतमाळच्या आमच्या रस्त्यावरून कापूस जायला लागतो. पूर्वी बैलांच्या बंड्या असत, आता ट्रॉल्या असतात. कापूस सांडायची रीत मात्र तीच. रस्त्याकडेच्या बाभळी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून चिमूट चिमूट काढून घेतात आणि महिन्याभरात काट्याकाट्यावर पांढरं काहीतरी उगवल्यासारखं दिसायला लागतं. सकाळच्या गारव्यात सरकीचा किंचित तेलकट, किंचित धुळकट वास येतो. शेजारच्या बाई म्हणतात, "काय छान हवा पडली ना." मी हो म्हणते. पण मला ती हवा सोसत नाही. छातीचा काही आजार नाही मला. चौदा वर्षांची असताना याच दिवसांत मी एक गोष्ट केली होती, आणि ती या वासाबरोबर वर येते.

चीनशी लढाई झाली, त्याच्या पुढच्या वर्षीचा तो हिवाळा. आम्ही दिग्रसला राहायचो. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. मी त्याच शाळेत नववीत होते. वर्गात आम्ही सहा मुली. त्यातली एक शमीम.

शमीमचे वडील गफूरचाचा टिनवाले. बाजारातून कापसाच्या जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. गळक्या बादल्यांना कथलाचा डाग द्यायचा, कंदिलाच्या टाक्या बसवायच्या, चाळण्या, मापं, पत्र्याच्या पेट्या करायच्या. मोहल्ल्यातली शमीमच्या वयाची एकही मुलगी तेव्हा शाळेत उरली नव्हती. चाचांना त्यावरून लोक बोलायचे. एकदा माझ्यासमोरच कुणीतरी बोललं. चाचांनी पत्रा कापणारी कात्री थांबवली नाही, मान वर केली नाही, फक्त म्हणाले, "माही पोरगी मॅट्रिक होईन. मंग तुमच्या चिठ्ठ्या वाचाले तिच्याकडंच येसान."

शमीमचे हात बापासारखे होते. आखूड बोटं, नखांत काळं. गणितात ती बेताची होती, पण एखादी वस्तू हातात आली की ती उलटी करून बघायची. वर्गातल्या मुली बाहुलीला कपडे कोणते घालावेत याचा विचार करत असतील, तर ही बाहुलीची मान कशी फिरते ते बघत असायची.

त्या वर्षी माघात यवतमाळला शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं. त्याआधी आमच्या शाळेत छोटं प्रदर्शन, आणि त्यातून निवडलेल्या वस्तू पुढे जाणार. मुलं ज्वालामुखी, पवनचक्की असलं काही करत होती. आम्ही दोघींनी काय करायचं ते शेंगदाण्यांच्या पुडीनं ठरवलं. पुडीचा कागद कुठल्याशा मासिकाचा होता आणि त्यावर चौकोनी डोक्याच्या, चौकोनी पोटाच्या एका माणसाचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, यंत्रमानव. शमीमनं शेंगदाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि कागद मांडीवर घासून सरळ केला.

"याच्या पोटात काय असन?" ती म्हणाली.

मला वाटलं, ती गंमत करते आहे. दुसऱ्या दिवशी तिनं बुटांचा एक रिकामा खोका आणला.

पुढच्या पाच-सहा आठवड्यांइतकी सुखी मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही. शाळा सुटली की दुकानामागच्या पडवीत आम्ही बसायचो. समोरून कापसाच्या बंड्या जायच्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज आणि पत्र्यावरच्या हातोडीचा आवाज एकमेकांत मिसळायचा, हवेत उडणारी रुई आमच्या केसांत, डिंकाच्या वाटीत, चहाच्या कपात येऊन बसायची. खोक्याच्या पुठ्ठ्याचं धड झालं. काडेपेट्या जोडून डोकं झालं. मोडक्या छत्रीच्या काड्यांचे हात झाले. माझ्या आईच्या ब्लाउजची दोन बटणं डोळे झाली. जिनिंगमधल्या एका फिटरनं जळक्या मोटरीची तांब्याची तार ओंजळभर दिली. औषधाच्या बाटलीचं मोठं बूच घेऊन शमीमनं त्यातून माझ्या आईची विणकामाची सुई आरपार घातली आणि त्या बुचावर ती तार गुंडाळायला घेतली. गुंडाळताना ती ओठांतल्या ओठांत मोजायची आणि मी मधेच बोलले की डोळे वटारायची. तारेच्या टोकांवरचा लेप ब्लेडनं खरवडायचं काम माझं. धरून बसायचं काम माझं. तोंड रंगवायचंही माझंच. खरं सांगायचं तर माझ्यावाचून काहीच अडलं नसतं.

पायांचं जमत नव्हतं. पाय उचलणारा माणूस करणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. दोन दिवस शमीम नुसती ते धड उलटंपालटं करत बसली. तिसऱ्या दिवशी ती मला ओढत जिनिंगच्या फाटकाशी घेऊन गेली. आतल्या इंजिनाचं मोठं चाक फिरत होतं आणि अख्खं शेड थरथरत होतं.

"ते चाक जरासं वाकडं हाय," ती म्हणाली. "फिटरचाचा सांगत होते. म्हणून सारं शेड हालते. आपण बी वाकडंच वजन लावू. मंग तो हालत हालत जाईन."

आणि तसंच तिनं केलं. सुईच्या टोकाला एका बाजूला शिशाचा एक तुकडा डाग देऊन बसवला. पायांच्या जागी कपडे घासायचा ब्रश अर्धा कापून लावला, केस थोडे मागे वाकवून. फिरकी फिरली की धड थरथरणार, आणि ब्रशच्या केसांवर ते पुढे पुढे सरकणार. मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. नववीतल्या मुलीनं कुणी न सांगता हे शोधून काढावं, याची किंमत मला फार उशिरा कळली. त्या दिवशी मला फक्त एवढंच जाणवलं, की हेही तिनंच केलं.

पण फिरकी फिरेना. सायकलच्या मोडक्या डायनामोतून काढलेला लोहचुंबक आमच्याकडे होता, तो फार दुबळा होता. बॅटरीचे सेल जोडले की बूच अर्धा वळसा घ्यायचं आणि दमल्यासारखं थांबायचं. शमीम बापाचा भंगाराचा डबा रोज उपसायची. त्यात बिजागऱ्या होत्या, खिळे होते, स्टोव्हच्या टोप्या होत्या. लोहचुंबक नव्हता.

चांगला लोहचुंबक कुठे आहे हे मला माहीत होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात, मखमलीच्या तुकड्यावर, घोड्याच्या नालेसारखे दोन लाल लोहचुंबक ठेवलेले असत. कपाटाची किल्ली नानांच्या जुडग्यात आणि जुडगा घरी खुंटीला.

मी नानांना मागितला असता तर? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे, की आता त्याचं उत्तर पाठ झालंय. ते नाही म्हणाले असते. त्यांची नोकरी त्या वर्षी कायम व्हायची होती, कपाटातल्या काचेच्या नळीलाही ते कुणाला हात लावू देत नव्हते. म्हणून मी मागितला नाही. एका रविवारी नाना जेवून आडवे झाल्यावर मी जुडगा घेतला, शाळेच्या मागच्या दारानं आत गेले आणि एक लोहचुंबक परकराच्या खिशात घालून आणला. घरामागे बसून विळीच्या टोकानं त्याचा लाल रंग खरवडला. वरचा पांढऱ्या रंगातला आकडाही खरवडला. एवढं सगळं मी शांतपणे केलं, हे मला आजही आठवतं.

पण तो शमीमच्या हातात द्यायची वेळ आली तेव्हा माझी हिंमत झाली नाही. तिनं विचारलं असतं, कुठून आणला. म्हणून सोमवारी ती पाणी आणायला आत गेली तेव्हा मी तो भंगाराच्या डब्यात, तळाशी, बिजागऱ्यांखाली सरकवला.

दोन दिवसांनी तिला तो सापडला. तिनं तो वर काढला, त्याला चिकटून खिळ्यांचा एक घोसच वर आला. तिनं तो घोस माझ्यासमोर धरला आणि तिचे डोळे भरून आले. "अल्लानं धाडला," ती हळूच म्हणाली. मी म्हटलं, "चाचांनी कुठल्या तरी भंगारात आणला असन." हे वाक्य मी आधीपासून तयार ठेवलं होतं.

यंत्रमानव चालला. दुकानातल्या गुळगुळीत पत्र्यावर आम्ही त्याला उभा केला. मागून दोन लांब तारा, तारांना सेल. आधी नुसती घुरघुर, मग अंगभर कापरं, आणि मग तो सरकला. बोटभर, वीतभर, हातभर. छत्रीच्या काड्यांचे हात वरखाली होत होते, तोंडावर मी काढलेलं हसू होतं. चाचांनी हातोडी खाली ठेवली. समोरचा पानवाला आला. बंडीवाले बैल थांबवून बघायला लागले. चाचा कुणाला तरी सांगत होते, "माह्या पोरीनं बनवला." त्यांनी माझ्या डोक्यावरही हात ठेवला. तो हात अजून तिथेच आहे असं कधीकधी वाटतं.

इकडे घरी नानांचं जेवण कमी झालं होतं. कपाटातल्या सामानाची यादी करायची होती आणि सात नंबरचा लोहचुंबक सापडत नव्हता. हेडमास्तरांनी त्यांना लेखी विचारलं होतं. नाना ताटावर बसून आईला म्हणायचे, "मी कपाट कधी उघडं ठेवत नाही. कधीच नाही." मी समोर बसून भाकरी खात होते. माझ्या घशाखाली भाकरी उतरत होती, हे मी आज लिहून ठेवते.

शाळेतल्या प्रदर्शनाच्या दिवशी आमच्या टेबलाभोवती सगळ्यात जास्त गर्दी. हेडमास्तर आले, यंत्रमानव टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला गेला, ते मनापासून हसले. "यवतमाळले हाच जाईन," म्हणाले. मग कौतुकानं त्यांनी तो हातात घेऊन उलटा केला. आतला लोहचुंबक बघता बघता त्यांचं हसू हळूहळू गेलं. वरचा आकडा मी खरवडला होता. पण नालेच्या आतल्या वळणावर छिन्नीनं सात कोरलेला होता. तो मला माहीतच नव्हता.

हेडमास्तरांच्या खोलीत आम्ही सगळे. नाना एका कोपऱ्यात. मी दाराशी. शमीम टेबलासमोर.

"हा कुठून आणला?"

"अब्बाच्या डब्यातून."

"डब्यात कुठून आला?"

"मले नाही मालूम, सर."

ती खरं बोलत होती. शिपायाला पाठवून चाचांना बोलावलं. ते हात पुसत आले. टेबलावर यंत्रमानव पोट उघडून पडला होता आणि शेजारी तो लोहचुंबक. हेडमास्तरांनी सगळं सांगितलं. चाचा लोहचुंबकाकडे पाहत राहिले. मग शमीमकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाप आपल्या मुलीकडे तसं बघताना मी नंतर कधी पाहिला नाही.

"मीच उचलला, सर," चाचा म्हणाले. "मागं पन्हाळ बसवाले आलो होतो ना, तवा. पोरीले काही मालूम नाही."

शमीमनं एकदम बापाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बंद झालं.

मी दाराशी उभी होते. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. तोंड उघडलं असतं तर तो आपोआप बाहेर पडला असता. मी नानांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आणि मला आठवलं, की प्रयोगशाळेच्या छपराची पन्हाळ बसवली त्या दिवशी नाना पूर्ण वेळ शिडी धरून उभे होते. चाचा शिडीवरून उतरले ते सरळ फाटकाबाहेर गेले होते. कपाटाजवळ ते गेलेच नव्हते, हे नानांना माहीत होतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

पोलिसांत कुणी गेलं नाही. हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या पोरीकडं पाहून सोडतो." चाचांनी वाकून सलाम केला आणि गेले. यंत्रमानव यवतमाळला गेला नाही. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून नानांचा किल्ल्यांचा जुडगा खुंटीवर नव्हता. तो त्यांच्या कडदोऱ्याला असायचा. झोपतानाही. नोकरी कायम झाली. या विषयावर आमच्यात एक शब्दही झाला नाही, त्यांच्या मरणापर्यंत. एकाच घरात, एकाच पंगतीला जेवणारी आम्ही दोघं, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं माहीत.

गाव लहान. शाळेचं काम चाचांकडून गेलं, मग जिनिंगचं. बाया बादल्या दुसऱ्याकडे नेऊ लागल्या. शमीम शाळेत आली नाही. मला वाटायचं, घरच्यांनी काढली असेल. तसं वाटून घेणं सोयीचं होतं. एकदा रस्त्यात चाचा भेटले. मी खाली मान घालून जात होते, त्यांनीच थांबवलं. "बेटी, तिले समजव ना. मी म्हणून राह्यलो जाय शाळेत, ते ऐकत नाही. तुह्या शब्दाले मानते ते." मी हो म्हटलं. गेले नाही. दीड-दोन वर्षांनी कळलं, तिचं लग्न होऊन ती पुसदला गेली.

मी शिकले. बी.एस्सी. झाले, यवतमाळच्या एका शाळेत विज्ञानाची शिक्षिका झाले. दरवर्षी चुंबकत्वाचा धडा यायचा, आणि नेमका कापसाच्याच दिवसांत. मुलामुलींच्या हातात तो नालेसारखा लोहचुंबक द्यायचा, लोखंडाचा कीस कागदावर पसरायचा, रेषा कशा उमटतात ते दाखवायचं. एकतीस वर्षं दाखवलं. प्रयोगशाळेचं कपाट मी उघडंच ठेवायचे. मुख्याध्यापिका रागवायच्या. मुली म्हणायच्या, बाई किती विश्वास ठेवतात आमच्यावर. हे ऐकलं की मला तिथून उठून जावंसं वाटे.

मागच्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो दिग्रसला नोकरीला आहे. सहज म्हणाला, "आमच्या गल्लीत एक म्हाताऱ्या आपा आहेत, अख्ख्या गावाच्या शिलाई मशिनी दुरुस्त करतात. मॅडम, तुमचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणत होत्या, तुमचे वडील त्यांना शिकवायला होते." मी त्याला चहा दिला, तो गेला, आणि चौथ्या दिवशी मी दिग्रसच्या एसटीत बसले.

नवरा गेल्यावर शमीम भावाकडे परत आली होती, त्याच जुन्या घरात. समोरच्या दुकानात आता तिचा धाकटा भाऊ रशीद कुलरच्या टाक्या करतो. ती दारात बसली होती, पुढ्यात मशिनीचं खालचं अंग उघडं. चष्म्यावरून तिनं वर पाहिलं.

"कुमुद ना तू? नाना गुरुजीची?"

तिनं आत नेलं, चहा केला. मुलांचं, गुडघ्यांचं, जुन्या वर्गातल्या कुणाकुणाचं बोललो. मग मी कप खाली ठेवला.

"शमीम, तो लोहचुंबक चाचांनी नव्हता घेतला. मी घेतला होता. शाळेतून आणला अन् तुमच्या डब्यात टाकला."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. किल्ली, रविवार, विळी, बिजागऱ्या. सगळं.

"मंग अब्बानं नव्हता उचलला?"

"नाही."

"त्यानं तर सांगतलं, मीच उचलला."

"त्यांना वाटलं, तू आणला. तुझ्यासाठी बोलले ते."

बाहेर रशीदची हातोडी चालू होती. मग ती बोलली तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती.

"मले वाटलं, माहा बाप चोर हाय. म्हणून मी शाळेत गेली नाही. कोणत्या तोंडानं जाऊ? तो रोज म्हणे, जाय. मी त्याच्याशी बोलतच नव्हती. लगनात बी त्याच्या गळ्यात पडली नाही." ती थांबली. "त्याच्या मरतेवेळी मी पुसदून आली. माहा हात धरून म्हणे, बेटी, तुले एवढाच पायजे होता तर मले काहून नाही मांगतला. कुठून बी आणून देल्ला असता. मले वाटलं, बुखारात बरळून राह्यला. मी म्हटलं, काय पायजे होतं, अब्बा?"

मी रडायला लागले. ती रडली नाही. "रडू नको आता," ती म्हणाली. त्यात माया नव्हती, रागही नव्हता. जसं एखाद्याला सांगावं, कामाच्या वेळी पसारा घालू नकोस. तिनं दाराशी जाऊन हाक मारली. "रशीद, इकडे ये. हे बाई काय म्हणते ते ऐक."

रशीद आला. तो तेव्हा सहा वर्षांचा असेल. मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं, डोक्याचा रुमाल काढला, पुन्हा बांधला. "शाळेत मले पोट्टे लोहचुंबक म्हणत," तो म्हणाला. "चौथीत सोडली मी शाळा." आणि बाहेर जाऊन पत्र्यावर बसला. हातोडी पुन्हा वाजली नाही.

शमीमनं डोक्यावरून ओढणी घेतली, चपला घातल्या. "चाल," म्हणाली.

त्या दुपारी तिनं मला तीन घरी नेलं. प्रत्येक घरी ती मला बसवायची, घरच्यांना गोळा करायची आणि म्हणायची, "सांग." मी सांगायचे. तिसऱ्या घरी खाटेवर एक फार म्हातारे गृहस्थ पडून होते, जिनिंगमधले तेच फिटर, ज्यांनी आम्हाला तांब्याची तार दिली होती. त्यांना ऐकू येत नव्हतं. मी सांगितलं, त्यांनी कानाला हात लावला.

"मोठ्यानं बोल," शमीम म्हणाली.

मी मोठ्यानं बोलले. त्यांना कळलं नाही.

"अजून मोठ्यानं."

मग मी ओरडले. "लोहचुंबक मी चोरला होता. गफूरचाचांनी नाही." दारात शेजारच्या बाया येऊन उभ्या राहिल्या, गल्लीतली पोरं डोकावली. त्यांनी माझ्याकडे ओल्या डोळ्यांनी पाहिलं आणि ते म्हणाले, "मंग तवाच काहून नाही सांगतलं, बाई? मी त्याच्यासंगं बोलणं टाकलं होतं. जनाज्याले बी गेलो नाही त्याच्या."

एसटी स्टँडवर ती मला सोडायला आली. तिनं माफ केलं का, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. गाडी लागल्यावर म्हणाली, "कळंबले माह्या फुफीची, अब्बाच्या बहिणीची, पोरगी राहते. तिच्या घरी अब्बाचं नाव निंघालं की अजून हासतात. रविवारी ये."

रविवारी मी कळंबला गेले. त्यानंतर पुसदची दोन घरं झाली. प्रत्येक वेळी वाटायचं, आता जीभ सरावली असेल, पण तसं होत नाही. पहिलं वाक्य तोंडातून निघेपर्यंत मी दर वेळी त्याच दाराशी उभी असते.

या वर्षी कापूस सुरू झाला आणि शमीमचा फोन आला. "शाळेत राह्यलं सांगाचं."

"आता तिथं ओळखीचं कोण आहे, शमीम?"

"नसन. तरी सांग."

गेल्या गुरुवारी आम्ही दोघी गेलो. नवी इमारत, नवे शिक्षक. दिग्रसच्या दोन जुन्या विद्यार्थिनी आल्या आहेत एवढंच त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी आम्हाला नववीच्या वर्गात नेलं. मुलामुलींनी उभं राहून नमस्ते म्हटलं. शमीम शेवटच्या बाकाशी गेली, एका मुलीनं सरकून जागा दिली, ती तिच्याशेजारी बसली आणि दोन्ही हात बाकावर ठेवून माझ्याकडे बघू लागली.

मी म्हटलं, "या गावात गफूरचाचा म्हणून एक टिनवाले होते. त्यांच्यावर या शाळेतल्या चोरीचा आळ आला होता. ती चोरी त्यांनी केली नव्हती."

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"मंग कोणी केलती, मॅडम?"

"मी," मी म्हटलं.